तिसरी फळी, डावीकडून चौथा

दिवाळीला तीन आठवडे उरले की सुरतेत कोणी साधं बोलत नाही, सगळे ओरडतात. टेम्पोवाला गेटवर ओरडतो, व्यापारी फोनवर, मास्तर मशीनवर. डाइंग, म्हणजे कापड रंगवायचे कारखाने, बंद व्हायच्या आत माल निघाला पाहिजे, कारण त्यानंतर माणसं थांबत नाहीत. उधना स्टेशनावर पोती, पेट्या आणि पोरं बांधून अर्धा खानदेश गाडीची वाट बघत बसतो. मी ही गडबड तीस वर्षं बघते आहे. मला ती आवडत नाही आणि तिच्याशिवाय करमतही नाही.

यंदा त्या गडबडीत पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये जावं लागलं. आठ-दहा कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा आता माझा धंदा आहे. सोबत माझ्या ऑफिसातली ध्रुवी होती, डिंडोलीचीच, आमच्या मागच्या गल्लीतली. घरी अहिराणी ऐकते, मैत्रिणींशी गुजराती बोलते, माझ्याशी मराठी. एका मशीनवर नवा प्रोग्राम घालायचा होता. तिने एक ओळ लिहिली. या प्रोग्रामला आणखी चौदा पॅकेजं, म्हणजे फाइलींचे गठ्ठे, लागतात, यादीप्रमाणे ती अमुक ठिकाणी आहेत, घालू का, असं मशीननेच विचारलं. तिने हो म्हटलं. माझा चष्मा पर्समधून निघेपर्यंत काम संपलं होतं.

"झालं मॅडम."

"यादी कधीची होती?"

ध्रुवीने डोळे फिरवले. हा प्रश्न मी दर वेळी विचारते आणि ऑफिसात त्याची नक्कल होते हे मला माहीत आहे. "ए तो पोते ज ताजी करी ले छे, मॅडम. स्वतःच ताजी करते ती. तुम्ही काळजी करू नका."

मी काळजी करत नाही. विचारते.

बाहेर आले तर डाइंगचा तो आंबट वास आला, ॲसिडचा आणि उकळत्या पाण्याचा. त्या वासाला मी घाबरते. इतर कशाला फारशी घाबरत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची, पलसाण्याच्याच एका डाइंगच्या कॉम्प्युटर खोलीत नोकरीला होते. खोलीत मी, ज्योत्स्नाबेन आणि एक मशीन. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच डाइंगच्या कलर किचनमध्ये होते. किचन म्हणायचं, पण तिथे शिजत काही नाही. रंगाची पूड तोलतात. फळ्यांवर डबे, मध्ये काटा. लॉटमागे, म्हणजे एका वेळी रंगवायच्या कापडामागे, एक पान येतं: अमुक रंग इतके ग्रॅम, तमुक रंग इतके. नाना तोलून बादलीत देत, बादली मशीनवर जाई.

वीस वर्षांत तो रंग नानांच्या अंगात मुरला होता. नखं निळी, कानाच्या पाळीमागे तांबूस. त्यांचे कपडे माय वेगळे धुवायची. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं लावलं की मोरीत आधी निळं पाणी वाहायचं, मग जांभळं, मग जरा वेळाने आमच्यासारखं मळकट. आम्ही भावंडं ते बघायला दाराशी उभी राहायचो. मायला लाज वाटायची, नाना हसायचे.

त्यांच्या डोळ्यांचं मला दोन वर्षं आधी कळलं होतं. डाइंगच्या गेटवर त्यांनी मला ओळखलं नाही. मी पुढ्यात जाऊन बोलले तेव्हा म्हणाले, "तू शे का वं?"  घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "कोनले सांगू नको. काया आन निया, माले आते समजत नही."

काळा आणि निळा कळत नाही, आणि माणूस रंगखात्यात. मी कोणाला सांगितलं नाही. उपाय केला. मला उपाय करायला आवडतं, हा माझा गुण म्हणा किंवा रोग म्हणा.

उपाय असा: लॉटचं पान माझ्या मशीनवरून छापून निघायचं. मी ते मोठ्या अक्षरांत छापायला लागले, ठसठशीत, अंगठ्याएवढे आकडे. रंगखात्याच्या मास्तरने विचारलं तर सांगितलं की छोट्या आकड्यांनी चुका होतात. डब्यावरची चिठ्ठी नानांना वाचता येत नव्हती, म्हणून रंगाच्या नावाबरोबर त्याची जागाही पानावर घातली: कुठली फळी, डावीकडून कितवा डबा. काट्यावरचे लाल आकडे मोठे होते, ते त्यांना दिसत. गोदामाच्या माणसांनी फळीवरचे डबे हलवले की चिठ्ठी माझ्या ट्रेमध्ये येई, मी जागा बदलून घेई. दोन वर्षं एकही लॉट बिघडला नाही. उलट मास्तर म्हणाला, इस किचन में गलती नहीं होती. मला फार अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचं काय करावं कळत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, सोमवारी सकाळी, मशीनची डिस्क गेली. आधी खरवडल्यासारखा आवाज आला, मग तोही नाही.

नोंदी बचावल्या, कारण दर शनिवारी मी त्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायचे. पण मशीनवरची सगळी व्यवस्था गेली. ती इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने बसवून दिली होती, लिनक्सवर, कारण ते फुकट होतं. तो अमेरिकेला निघून गेला होता. मागे एक चरे पडलेली सीडी आणि वहीचं एक पान ठेवून गेला होता. शेठने नवी डिस्क आणून दिली, लहान, स्वस्तातली, आणि म्हणाले, "दिवाली पछी जोईशुं, बेन." दिवाळीनंतर बघू. त्यांच्या दृष्टीने बरोबर होतं. मास्तरकडे रंगांच्या मापांची जुनी कार्डं होती, त्याच्या बारीक अक्षरातली, काम चालत होतं. मास्तर तर खूश होता. दारातून डोकावून म्हणायचा, "रेखाबेन, तुम्हारा डब्बा कब बोलेगा? हमारा कार्ड तो पच्चीस साल से बोल रहा है!"

ज्योत्स्नाबेन हसायची. मीही हसायचे. आणि तिकडे नाना ते कार्ड हातात धरून शेजारच्या माणसाला म्हणत होते, चष्मा घरी राहिला, जरा वाच. सोमवारी चष्मा घरी राहिला. मंगळवारीही राहिला. एका माणसाचा चष्मा किती दिवस घरी राहू शकतो?

घाई फक्त मला होती आणि का ते सांगता येत नव्हतं. अशी घाई माणसाला आतून सोलते.

आता काम काय होतं ते सांगते, कारण ध्रुवीच्या पिढीला ते खरं वाटत नाही. डिस्क लहान, म्हणून सीडीवरचं सगळं घालता येत नव्हतं. लागेल तेवढंच वेचून घालायचं. आमचा प्रोग्राम घालायला गेलं की मशीन म्हणे, आधी अमुक फाइल हवी. ती कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते सांगत नसे. सीडीवर पाच-सहाशे पॅकेजं. मग प्रत्येकाला एकेक करून विचारायचं: तुझ्यात आहे का? तुझ्यात? सीडीचा ड्राइव्ह म्हातारा, प्रत्येक प्रश्नाला कण्हायचा. एका फाइलीचा पत्ता लागायला चाळीस मिनिटं. पत्ता लागला की ते पॅकेज म्हणे, मला आणखी दोन हवीत. पुन्हा चाळीस मिनिटं. पुन्हा चाळीस.

मंगळवार तसाच गेला. मी खुर्चीत बसून ड्राइव्हचा हिरवा दिवा बघत होते. दिवा लुकलुकायचा आणि प्रत्येक लुकलुकीला वाटायचं, आता तिकडे कोणीतरी विचारलं असेल: नाना, तुम्हाला दिसत नाही का? ज्योत्स्नाबेन म्हणाली, "रेखा, आटलुं शुं टेन्शन? जेवून घे." तिचे थेपले मी तसेच डब्यात परत ठेवले. बुधवारी सकाळी सात फाइली शोधायच्या राहिल्या होत्या आणि त्या सातांच्या पोटात किती, ते माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी डबा घेऊन किचनमध्ये गेले. शेजारचा माणूस जेवायला गेला होता. नाना एकटेच उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर आज दोनदा उना. कार्डवर काय शे, माले इचारस." मास्तर त्यांनाच कार्ड वाचायला सांगत होता. संशय आला होता, किंवा येत होता.

तेवढ्यात आधीच वाचून घेतलेल्या कार्डाची बादली न्यायला एक माणूस आला. नानांनी न बघता हात वर नेला, फळीच्या कडेवरून बोटं सरकवत गेले, एक, दोन, तीन, चौथा डबा उतरवला, तोलला, दिला. माणूस गेला.

"नाना, न बघता कसं?"

"तिसरी फयी, डावीकडथून चौथा. दरखेप बठ्ठा डबा उघाडी पाहू का मी? हातले माहीत शे."

मी तिथून अक्षरशः पळाले. दर वेळी सगळे डबे उघडून बघायचे का? मी दोन दिवस तेच करत होते. एकदाच सगळ्या पॅकेजांना विचारायचं, तुमच्यात काय काय आहे, आणि उत्तरं डिस्कवर एका फाइलीत लिहून, क्रमाने लावून ठेवायची. मग सीडीला विचारायचंच नाही, यादीला विचारायचं.

चाळीस मिनिटांच्या जागी यादी करायला तासभर लागला. पण मग पहिली फाइल विचारली आणि एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं. मला वाटलं चुकलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, तितक्याच झटक्यात. मी ज्योत्स्नाबेनचा हात इतका जोरात दाबला की तिची बांगडी वाढली. "गांडी थई गई?" ती म्हणाली. हो, वेडीच झाले होते. सातांतल्या पाच फाइली पंधरा मिनिटांत जागेवर. आयुष्यात इतका शुद्ध आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नाही, आणि माझं लग्न काही वाईट झालेलं नाही.

त्याच तासात गोदामाचा माणूस येऊन माझ्या ट्रेमध्ये एक पिवळी चिठ्ठी टाकून गेला. मला दिसली. मशीन चालू नाही, चिठ्ठी घेऊन करू काय, असा विचार केला आणि तिच्यावर सीडीचं कव्हर ठेवलं.

सहाव्या फाइलीला सीडी अडकली. चरा आडवा आला. ज्योत्स्नाबेन बिचारी सकाळीच शहरातल्या दुकानातून तसंच कव्हर असलेली दुसरी सीडी घेऊन आली होती. "आ तो चकाचक छे, पेली तो घसाई गई." तिने सीडी बदलली. यादी जुन्या सीडीची, ड्राइव्हमध्ये नवी. नावं तीच, शेवटचे, आवृत्तीचे आकडे फक्त वेगळे. मशीनने कुरकुर केली: हे जुळत नाही. त्याला गप्प बसवून पुढे जायची एक सोय असते. यादीने अजून एकदाही चूक केली नव्हती. मी ती सोय वापरली.

मशीन मेलं. तुटलेल्या डिस्कसारखा आवाज नाही, काही नाही. कुठलीही आज्ञा दिली तरी उत्तर नाही, फाइलींची नावंसुद्धा दाखवेना. पायाचा दगडच मी दुसऱ्या मापाचा बसवला होता. सगळं पुसून पहिल्यापासून.

त्या संध्याकाळी बसमधून येताना नाना माझ्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "उद्या होईल." ते म्हणाले, "व्हई. घाई नको करू." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण अंदाज चुकला, हात आधी सीटच्या दांडीवर पडला.

गुरुवारी मी शहाण्यासारखं काम केलं. नव्या सीडीवरून नवी यादी. यादीच्या पहिल्या ओळीत सीडीची खूण. प्रश्न विचारायच्या आधी ड्राइव्हमधल्या सीडीची खूण या ओळीशी जुळते का ते मशीनने बघायचं. जुळली नाही तर उत्तर द्यायचं नाही, यादी नव्याने करायची. दोन ओळींचं काम. बुधवारी केलं असतं तर बुधवारीच संपलं असतं.

तीन वाजता खाली आरडाओरडा झाला. या दिवसांत आरडाओरडा असतोच, म्हणून मी उठले नाही. मग ज्योत्स्नाबेन आली. तिचा चेहरा बघून उठले.

लग्नाच्या साड्यांचा लॉट होता, राणी रंगाचा. रंगाचं मशीन उघडलं तर कापड कत्थई निघालं. ओलं, वाफाळणारं, चिखलाच्या रंगाचं कापड तागेच्या तागे बाहेर येत होतं आणि मास्तर डोक्याला हात लावून उभा होता. "किसने तोला? कौन-सा डब्बा निकाला?"

मी जिन्यावरच थांबले. मला कव्हराखालची चिठ्ठी आठवली. वर पळत गेले, काढली. बुधवारची होती. तिसऱ्या फळीवर डाव्या टोकाला एक नवा डबा ठेवला आहे, बाकीचे एकेक घर उजवीकडे सरकवले आहेत. बस, एवढंच. चौथा डबा आता पाचवा होता. चौथ्या जागी कत्थई येऊन बसला होता. पूड सगळ्यांची सारखीच मळकट दिसते. रंग उतरतो तो पाण्यात.

मशीन बंद असलं तरी चिठ्ठी वाचता येते. खाली जाऊन सांगता येतं, नाना, डबे सरकलेत. शंभर पावलं. मी तेव्हा चाळीस मिनिटांचा एक सेकंद करत होते.

पुन्हा खाली आले तेव्हा शेजारचा माणूस सांगत होता की कार्ड मी वाचलं, बरोबर वाचलं, डबा नानांनी काढला. कोणीतरी म्हणालं, चिठ्ठ्या चिकटवणाऱ्याने घोळ केला असेल. सुटायला वाट होती. मी नानांकडे बघून मान हलवली, नका बोलू. पण त्यांना ते दिसलं नाही. दिसायचा प्रश्नच नव्हता.

"मास्तर," नाना हिंदीत म्हणाले, "डब्बा मैंने निकाला. मेरेको दिखता नहीं."

"कब से?"

"दो साल."

मास्तरने डोक्यावरचा हात खाली घेतला.  मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं तेव्हाच त्याला मोठ्या अक्षरांचं सगळं कळलं. तो म्हणाला, "काला कर दो." नानांना नाही, लॉटबद्दल. बिघडलेल्या मालावर काळा चढवतात. काळ्याखाली सगळं जातं.

चार वाजता माझं मशीन उभं राहिलं. प्रोग्राम चालला, प्रिंटर खरखरला, काळ्याचं पान निघालं. अंगठ्याएवढे आकडे, तिसऱ्या फळीच्या जागा दुरुस्त केलेल्या, कुठे एक चूक नाही. मी ते खाली घेऊन गेले. नाना बाकावर बसून रबरी बूट काढत होते. काळा दुसऱ्याने तोलला.

दिवाळीनंतर डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. साखर होती, कोणाला माहीतच नव्हती. साखरेने पडदा खराब झाला होता. डॉक्टर तरुण होता, कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं." नानांनी माझ्या दिशेने हात केला आणि या वेळी तो बरोबर माझ्या हातावर पडला. म्हणाले, "तिले नका सांगू हाई." जसं काही मी खोलीत नव्हतेच.

माझा उपाय चांगला होता. इतका चांगला की दोन वर्षं कोणाला शंका आली नाही, आणि दवाखान्याची गरज त्यांना स्वतःलासुद्धा वाटली नाही. कोणी मला हे बोललं नाही; मायही नाही. म्हणून मलाच बोलावं लागतं, साधारण दर दिवाळीला.

नाना त्यानंतर अकरा वर्षं जगले, डिंडोलीच्या घरात. शेवटी शेवटी उजेड-अंधारच कळायचा, पण कोणाच्या हाताला धरून चालले नाहीत. माठ इथे, खाट तिथे, औषधाची बाटली कोनाड्यात उजवीकडे. घरात एकच नियम होता: नानांना सांगितल्याशिवाय काही हलवायचं नाही. पाहुणे आले, खुर्ची सरकली, की जो सरकवेल त्याने मोठ्याने सांगायचं. माय चुलीपाशी बसून दिवसभर सांगत असायची, "ऐकं का? मीठना डबा खालनी फयीवर शे आते." आणि नाना ओसरीवरून "हाऽ" म्हणायचे. ही त्यांची यादी होती, आणि ती एक दिवसही शिळी झाली नाही. माय शाळेत गेलेली नव्हती. मला जे गुरुवारी सुचलं, ते तिला सांगावं लागलं नाही.

पलसाण्याहून परतताना गाडीत ध्रुवी म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, यादी शिळी असती तर काय झालं असतं? पुन्हा घातलं असतं. दोन मिनिटं."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ऑफिसात आल्यावर तिने स्वतःच्या टेबलावरचा ट्रे खिडकीत सरकवला, उजेडाला. कोणाला काही बोलली नाही. मी तो उचलून परत होता तिथे ठेवला आणि तिला म्हटलं, आता हलव, पण आधी सगळ्यांना ओरडून सांग.

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. हसत हसत ओरडली. मी टेबलामागून "हाऽ" म्हटलं.